टाकीखालचा पहारा

भूपेंद्रभाऊंनी कागद माझ्यापुढं सरकवला आणि त्यावर आपला पेनही ठेवला.

"करा सही, सर. लेकराइच्या जिवाची गोष्ट आहे."

शाळेशेजारच्या पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लागलं आहे, ते विद्यार्थ्यांना धोक्याचं आहे, तरी ते तातडीनं जाळून काढावं, असं कागदावर लिहिलं होतं. खाली माझं नाव आणि नावापुढं 'विज्ञान शिक्षक'.

"हे मी लिहिलं नाई," मी म्हटलं.

"लिहिलं आमी. तुमी फक्त सही करा."

"जे मी लिहिलं नाई, त्याच्यावर सही कशी करू, भाऊ?"

भूपेंद्रभाऊ हसले. त्यांचं किराणा दुकान आमच्या गावात सगळ्यात जुनं, आणि रामनवमीच्या सप्त्याचे ते अध्यक्ष. माणूस वाईट नाही. सप्त्याच्या आधी पंधरा दिवस ते दुकान मुलावर टाकून मंडपाच्या बांबूंमागं फिरतात. मी त्याच सप्त्यात अकरा वर्षांपासून टाळकरी. त्यांच्या घरचा चहा मी इतक्यांदा प्यालो आहे की त्यांची म्हैस मला ओळखते.

पण सही काही मी केली नाही. पेन त्यांच्या खिशाला परत लावून दिला.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्याहून आत, संत्र्याच्या बागांच्या मधात. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला राममंदिर, आणि मधल्या मैदानात उंच खांबांवर पाण्याची टाकी. टाकीच्या बुडाला पाच वर्षांपासून दरवर्षी संत्र्याच्या बहरात मोहोळ येऊन लागतं. चांगलं सुपाएवढं, काळंशार. सप्त्याचं कीर्तन त्याच मैदानात होतं. मागच्या वर्षी पहिल्याच कीर्तनात माश्या खाली आल्या, आणि रूपराव महाराजांचा ओठ सुजून भज्यासारखा झाला. तळेगावहून आलेले महाराज त्या दिवशी पूर्वरंगातच थांबले, उत्तररंग झालाच नाही. सत्तर वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. गाव ते विसरायला तयार नव्हतं.

पण याच मोहोळावर माझ्या सातव्या वर्गाचा अभ्यास चालला होता, त्याचं काय?

झालं असं, की सातवीला सजीव आणि पर्यावरणाचा पाठ होता. पुस्तकात तळ्याचं चित्र. कमळ, बेडूक, बगळा, सगळ्यांना बाणांनी जोडलेलं. बाण मुलांना पाठ झाले. मग पहिल्या बाकावरची खुशी उठली. हिची आजी मनकर्णाबाई, नाल्याकाठी भाजीपाला पिकवते. खुशी म्हणाली, "सर, बगळा बेडूक खाते, समजलं. पर आपल्या गावात तळंच नाई. मंग आपल्याइथं कोनाचा कोनाशी काही संबंधच नाई का?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि वर्ग व्हरांड्यात नेला. म्हटलं, बोट दाखवा, समोर जिवंत काय काय दिसतं. कुत्रा दिसला, कडुनिंब दिसला, भूपेंद्रभाऊंची म्हैस दिसली. आणि टाकीखालचं मोहोळ.

त्या दिवसापासून आमचा नेम ठरला. व्हरांड्याच्या काठावर खडूची रेघ, तिच्यापलीकडं कोणी जायचं नाही. रोज सकाळी सात वाजता दहा मिनिटं मोजायचं: माश्या कुठल्या दिशेला जातात, किती जातात. फेब्रुवारीत सगळ्या पश्चिमेला, संत्र्याच्या बागांकडं. मार्चमध्ये संत्र्याचा फुलोरा झडला आणि आठवड्याभरात आकडे फिरले. पूर्वेला, नाल्याकडं.

"माश्याइनं वावर बदललं, सर!" पियुष ओरडला.

"काऊन बदललं?"

"तिकडं काही राह्यलं नसन."

"आन पूर्वेकडं काय आहे?"

खुशी हळूच म्हणाली, "आमचे कोहळे."

मग सगळा वर्ग मनकर्णाआजीच्या वावरात गेला. कोहळ्याच्या मादी फुलाखाली बोराएवढं इवलं कोहळं आधीच असतं. अशा दहा कळ्यांवर आम्ही संध्याकाळी मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या बांधल्या, दहा तशाच सोडल्या. आजी काठी टेकत मागं मागं.

"सर, लग्नातल्या नवरीवानी काऊन झाकून राह्यले माया कोहळ्याइले?"

"माशी आत जाऊ नये म्हनून."

"आन मंग?"

"मंग पाहू काय होते ते."

आठ दिवसांनी पिशव्या सोडल्या. दहाच्या दहा पिवळी पडून गळायला आली होती. उघड्या दहांतली सात मुठीएवढी झाली होती. आजीनं एक सुकलेलं कोहळं तळहातावर घेतलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिली. मला वाटलं रागावणार.

"चाळीस वर्स झाले," ती म्हणाली, "मी समजो का माया हाताले गुन आहे."

मग आजीच खदखदून हसली आणि ते कोहळं तिनं पदराच्या गाठीत बांधलं.

यानंतर खुशीनं जो प्रश्न विचारला, तो मी सात जन्म विसरणार नाही. "सर, मोहोळ पाच वर्सापासून येते. सप्ताही दरसाल होते. मंग मागच्याच साली काऊन चावल्या?"

मी म्हटलं, प्रश्न चांगला आहे, तर उत्तरही आपणच काढू. सजीव तेच, मग सभोवताली नवीन काय होतं? घरोघरी विचारून या. मुलांनी दोन दिवसांत यादी आणली. नवीन मंडप: नाही, जुनाच. फटाके: नाही. धूप: दरवर्षीचाच. शेवटी पियुषनं त्याच्या आईच्या मोबाइलवर मागच्या वर्षीचा व्हिडिओ आणला. वर्गानं तो चार वेळा पाहिला. टाकीच्या शिडीला, मोहोळाच्या अगदी खाली, एक मोठा हॅलोजन लटकत होता. आणि माश्या माणसांवर नाही, आधी त्या दिव्यावर तुटून पडत होत्या. तिथून भाजून खाली, आणि खाली महाराज.

"त्याइच्या घरात सूर्य लटकवला, सर," खुशी म्हणाली. "हा हेलोजन बांधला कोनं?"

मी खडू खाली ठेवला.

"म्या."

मीच बांधला होता. तिथून महाराजांच्या चेहऱ्यावर उजेड छान पडतो म्हणून. विज्ञानाचा शिक्षक मी, आणि वर मान करून पाहिलंसुद्धा नव्हतं.

हे सगळं मी समितीच्या बैठकीत सांगितलं. सप्त्याला चार दिवस होते. सभामंडपात पंधरा-वीस जण बसलेले. माझं ऐकून एकच हसू पिकलं.

"म्हंजे सप्ता सरनं मोडला, आन नाव माश्याइचं!"

"हाव," मी म्हटलं. "माईच चूक होती. म्हनून तर सांगतो, यंदा टाकीवर दिवा नको. कीर्तन दिवसाउजेडी करा. माश्या वर, आपन खाली, कोनाचं कोनाले लागत नाई."

"दिवसाउजेडी? दुपारच्याले कोन येते आयकाले?" भूपेंद्रभाऊ म्हणाले. "तुमच्या माश्याच येतीन टाळ धरून."

"भाऊ, मोहोळ जाळलं तर नाल्याकाठची भाजी..."

"भाजी गेली कढईत! आमी हेलोजनही काढतो आन मोहोळही काढतो. दोनी केले, आता तर झालं समाधान?"

"मोहोळानं काय केलं?"

भूपेंद्रभाऊंचा आवाज चढला. "गावची लाज काढली, हे केलं. महाराज अर्ध्या कीर्तनातून उठले, हे केलं. सर, तुमी टाळ वाजवा. बाकी ताल आमाले समजते."

आता इथं एखाद्यानं गप्प बसायला हवं होतं. मला जमलं नाही. मी कोपऱ्यातल्या खुंटीवरचे माझे टाळ काढले आणि त्यांच्यापुढं ठेवले.

"मंग यंदा टाळ दुसऱ्याले द्या."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या सभामंडपातून हरिपाठ न म्हणता निघालो. घरापर्यंत हात रिकामे लागत होते. पण पाय मागं वळले नाहीत.

सप्त्याच्या पहिल्या दिवशी सकाळी वीणा उभी राहिली. आमच्याकडचा नेम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सात दिवस, अष्टौप्रहर, वीणा कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असली पाहिजे. ती जमिनीला टेकत नाही आणि नाम थांबत नाही. दोन-दोन तासांचे पहारे, नावांची यादी देवळाच्या खांबाला लावलेली. पुढच्यानं यावं, पाया पडावं, आधीच्यानं आपल्या हातानं वीणा त्याच्या गळ्यात घालावी. मागून घ्यायची, हिसकून नाही. एकाहत्तर वर्षं ही साखळी आमच्या गावात तुटलेली नाही. त्या दिवशी चार ते सहा मनकर्णाबाई, सहा ते आठ भूपेंद्रभाऊ, असं यादीत होतं.

पाच वाजता मोहोळ जाळणारा आला. बाहेरगावचा, हिरालाल नावाचा. लांब बांबू, रॉकेलात भिजवलेली पोती, दोराचं वेटोळं. माश्या घरी परतल्या की दिवस बुडता बुडता पेटवायचं, आणि आठला कीर्तन. समितीनं सहीविनाच काम ठरवलं होतं.

सकाळची शाळा असल्यामुळं मुलं घरी असायला हवी होती. पण सातवा वर्ग व्हरांड्यात जमलेला. कोणी बोलावलं नव्हतं. मी ओरडलो, "रेघ!" सगळे खडूच्या रेघेमागं सरकले.

आणि तेवढ्यात देवळातून नामाचा आवाज जवळ येऊ लागला.

मनकर्णाआजी वीणा गळ्यात घेऊन पायऱ्या उतरत होती. तार छेडत, "रामकृष्णहरी" म्हणत, संथ पावलांनी मैदानात आली आणि टाकीच्या बरोबर खाली, हिरालालच्या पोत्यांजवळ, उभी राहिली. डोळे मिटलेले. नाम चालू.

हिरालालनं बांबू खाली ठेवला. "ओ माय, बाजूले सरकजो. वर जाळाचं आहे."

रामकृष्णहरी.

भूपेंद्रभाऊ धावत आले. "आजी, वीणा देवळात पाह्यजे! इथं काऊन आनली?"

दोन नामांच्या मधल्या श्वासात आजी म्हणाली, "नगरप्रदक्षिनेले जाते तवा नाई का देवळाबाहेर निंघत?" आणि पुन्हा रामकृष्णहरी.

माणसं गोळा झाली. कोणी म्हणे उचलून न्या, कोणी म्हणे वीणेच्या अंगाला हात लावून पाहा तर खरं. भूपेंद्रभाऊंनी घड्याळ पाहिलं. त्यांना वाटलं, तासाभराचा प्रश्न आहे. सहा वाजता पहारा त्यांचाच होता. ते घरी गेले, आंघोळ करून, पांढरं धोतर नेसून, सहाला पाच कमी असताना आले. आजीपुढं वाकले, पाया पडले, मान पुढं केली.

आजीनं वीणा दिली नाही.

"आजी, माया पहारा आहे."

"मोहोळ जाळनार नाई, असं म्हन. मंग देतो."

"ते वेगळं, हे वेगळं."

"चाळीस वर्स मलेही तसंच वाटे." तार छेडली. "आता नाई वाटत."

भूपेंद्रभाऊंचा चेहरा लाल झाला. पण हात पुढं गेले नाहीत. जाणार कसे? हिसकलेल्या वीणेचा पहारा लागत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

दोन तास उभी असलेली आजी. तिचे गुडघे लटपटताना मला व्हरांड्यातून दिसत होते. खुशी माझा हात ओढत होती. "सर, आजी पडन. सर, पाहा ना!" माझं डोकं सांगत होतं, तू सरकारी नोकर, गप्प राहा. आजीनं डोळे उघडले आणि थेट माझ्याकडं पाहिलं.

"सर! आंघोळ केली का?"

"हाव, आजी."

"मंग या."

मी रेघ ओलांडली. पायातल्या चपला तिथंच राहिल्या. वाकलो. तिच्या हातांनी वीणा माझ्या गळ्यात आली, अजून तिच्या अंगाच्या उबेची. अकरा वर्षं मी टाळकरी, पण वीणेचं वजन पहिल्यांदाच खांद्यावर घेत होतो.

"सर, नोकरी आहे तुमाले," भूपेंद्रभाऊ जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले. धमकी होती, आणि थोडी काळजीही असावी. "इचार करा."

मी विचार करूनच आलो होतो. तार छेडली. रामकृष्णहरी. माझ्या डोक्यावर चाळीस फुटांवर हजारो पंखांचा सूर चालू होता, आणि देवाशपथ सांगतो, तो वीणेच्या षड्जाला लागून होता. व्हरांड्यातून मुलांचे आवाज येत होते. कोणी सांगितलं नव्हतं, तरी ती परतणाऱ्या माश्या मोजत होती. "पूर्वेकून सतरा... अठरा... एकोनीस..."

हिरालाल समितीवाल्यांना म्हणाला, "खाली मानूस असताना मी पेटवत नाई, हे पह्यलेच सांगतो. मले सिंदी गावालेही जाचं आहे."

अशात रूपराव महाराज आले. गाडीतून उतरले आणि टाकी दिसताच उपरण्यानं तोंड झाकून जागीच थांबले.

भूपेंद्रभाऊ त्यांच्याकडं वळले. "महाराज, तुमीच सांगा याइले. तुमाले चावल्या आहेत."

"चावल्या," महाराज उपरण्याआडून म्हणाले. "तीन दिवस पानी पेता आलं नाई. मले आजही भेव वाटून राह्यलं, खोटं काऊन बोलू?"

"आयका, सर!"

"पर माया कीर्तनाची जागा मी ठरवत नाई. वीणा असन तिथं मी उभा राह्यतो. वीणा कोठी राहीन हे गावानं ठरवा. आन दिवस बुडून राह्यला, तवा लवकर ठरवा."

ठरवणार कोण? ठरवलं ते आजीच्या गुडघ्यांनी. ती तिथंच, टाकीच्या सावलीत, पोत्यांवर मटकन बसली.

"मी तं इथंच बसतो, बाप्पा. उठाले पाय नाई राह्यले. सांगा कीर्तन, महाराज."

तिच्याजवळ पाण्याचा गडवा घेऊन खुशी बसली. मग नाल्याकाठच्या भाजीवाल्या बाया, ज्यांनी त्या आठ दिवसांच्या पिशव्या आपल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मग त्यांची पोरं, आणि पोरांना ओढायला आलेले बाप. अर्धं गाव तिथं बसलं. अर्धं देवळाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं आणि बोटं मोडत राहिलं. कोणीतरी मंडपाचे दिवे लावायला गेलं, तेव्हा पियुष मैदानभर ओरडत धावला, "लावू नोका! लावू नोका!" त्याच्या बापानं दिले दोन रट्टे, पण दिवे लागले नाहीत.

महाराजांनी तोंडावरचं उपरणं काढलं, पुन्हा बांधलं, पुन्हा काढलं. आणि घाबरत घाबरत पहिला आलाप घेतला.

ते कीर्तन लहानच झालं. आवाज दोनदा कापला. पण त्या कातरवेळी, पश्चिम नारिंगी झालेली, वर माश्या विसावत चाललेल्या, आणि खाली एकही दिवा नसताना शंभर-दीडशे माणसं नुसत्या आवाजावर डोलत होती. महाराजांनी माश्यांवर एक शब्द काढला नाही. त्यांनी भक्ताच्या निश्चयाची कथा लावली, आणि उत्तररंग पूर्ण केला. कोणाला एक माशी चावली नाही.

हिरालाल मधातच बांबू घेऊन निघून गेला होता.

आरती झाली. माझे खांदे भरून आले होते. भूपेंद्रभाऊ पूर्ण वेळ देवळाच्या पहिल्या पायरीवर, धोतरात, पाठ ताठ करून उभे होते. बसले नव्हते. आता ते आले. त्यांच्या पहाऱ्यातला शेवटचा अर्धा तास उरला होता.

ते माझ्यापुढं वाकले. मी विचारलं, "भाऊ, मोहोळ?"

"सप्ता सरेस्तोवर हात लावत नाई." दात आवळूनच बोलले. "रामाचा शब्द. पर सप्ता झाल्यावर मी पाह्यतो. त्याइलेही आन तुमालेही. वर्गाबाहेर पोट्टे काढता म्हनून तक्रार पाठवतो वर्धेले."

"पाठवा."

"खरंच पाठवतो, सर."

"पाठवा ना, भाऊ. चौकशीले कोनी आलं त सकाळी सातले येजो म्हना. वर्ग व्हरांड्यात राह्यते. आन उद्यापासून सहावीही आनतो, बसाले जागा कमी पडली त तुमच्या दुकानाच्या ओट्यावर बसवतो."

आणि मी माझ्या हातांनी वीणा त्यांच्या गळ्यात घातली.

पहाऱ्यावर उभं राहिल्यावर नामाशिवाय दुसरं बोलत नाहीत. भूपेंद्रभाऊंना अजून मला पुष्कळ काही बोलायचं होतं, ते त्यांच्या नाकपुड्यांवर दिसत होतं. त्यांनी ते सगळं गिळलं, तार ओढली आणि इतक्या रागानं "रामकृष्णहरी" म्हटलं, की पायऱ्यांवरची माणसं चमकून उभी राहिली. दुसरं नामही रागाचंच. तिसरंही. सूर मात्र कुठं हलला नाही. ते वीणा घेऊन देवळाकडं वळले, आणि मी खुशीच्या आजीला एका बाजूनं, खुशीनं दुसऱ्या बाजूनं धरून उठवलं.

"सर," आजी म्हणाली, "उद्याची चारची पाळी कोनाची आहे, पाहून ठेवजो. वीणा उद्याही टाकीखाली आनाले सांगू."